थायरिस्टर आला खाणीवर

आमच्या वर्कशॉपमागे भंगाराचा ढीग असायचा, पण तो निदान वर्षातून एकदा ट्रक येऊन घेऊन जायचा. किश्श्यांचं तसं नाही. ते साठतच राहतात, आणि आम्ही रिटायर मंडळी डिचोलीच्या बाजारात चहाला बसलो की एकेक बाहेर पडतो. त्यातले निम्मे तरी दत्तारामबाबांचे.

दत्तारामबाब म्हणजे खाणीवरच्या आमच्या इलेक्ट्रिकल सेक्शनचे फोरमन. गाव पेडण्यात. नोकरी खाणीवर, पण जीव गावच्या नाटकात. देवळाच्या उत्सवाला दरवर्षी तेच नाटक: शेवटी म्हातारा राजा मरतो आणि पडदा. दिव्यांचं खातं दत्तारामबाबांकडे. एका वर्षी राजाने मान टाकली, यांनी बटण खट्‌कन बंद केलं, आणि लोकांना वाटलं वीज गेली. सगळे चपला शोधायला लागले! शेजारच्या वाड्यावरचे वर्षभर हसत होते. तेव्हापासून या माणसाने एकच ध्यास घेतला होता. राजा मरताना उजेड हळूहळू मालवला पाहिजे.

*

अशात खाणीवर थायरिस्टरचं पॅनेल आलं. माती वाहणाऱ्या बेल्टची मोटार सुरू करण्यासाठी. थायरिस्टर म्हणजे तळहातावर मावणारी चकती, आत सिलिकॉन. एवढ्या मोठ्या मोटारीचा करंट ती थोडा थोडा करून सोडते.

नवीन मशीन म्हटल्यावर देवाला गाऱ्हाणं घालणं आलंच. दत्तारामबाब नारळ घेऊन पॅनेलसमोर उभे राहिले. "बा देवा म्हाराजा, हो जो थायरिस्टर आमच्याकडे इलो हा, तेका सांभाळ. तेच्या वांगडा आमकाय सांभाळ."

"व्हय म्हाराजा," आम्ही सगळे.

आणि त्यांनी नारळ उचलला तो थेट पॅनेलवर फोडायला. कंपनीकडून आलेला तरुण इंजिनिअर मध्ये आडवा पडला. "पाणी आत गेलं तर सगळं जळेल हो!" बरीच बोलाचाली झाली. शेवटी पॅनेल ज्या लाकडी खोक्यातून आलं, त्या खोक्यावर नारळ फोडायचं ठरलं.

पॅनेल आठवड्यात बंद पडलं. खोका दत्तारामबाबांनी घरी नेला. पुढे कितीतरी वर्षं त्यात कोंबड्या सुखाने अंडी घालत होत्या.

*

पॅनेल दुरुस्त झालं आणि मग बेल्टवरच्या भिवाचं बिनसलं. भिवा दोडामार्गचा, जुन्या स्टार्टरवर आयुष्य गेलेलं. तो स्टार्टर 'धाड्' असा आवाज करायचा. थायरिस्टरला हलणारा भागच नाही, तर आवाज कुठला? भिवा बटण दाबायचा, कान द्यायचा, काही ऐकू येत नाही म्हणून लगेच बंद करायचा. बेल्ट बिचारा वेग घेण्याआधीच थांबायचा. सकाळभर हेच.

"मशीन मुकी आसा," भिवाने जाहीर केलं.

दत्तारामबाबांनी समजावून पाहिलं, चिडून पाहिलं. शेवटी जुना स्टार्टर आणून पॅनेलशेजारी बसवला. बेल्टशी त्याचा संबंध नाही. भिवाने बटण दाबलं की त्याने फक्त 'धाड्' करायचं.

"आता कशी मशीन वाटता," भिवा म्हणाला. तो रिटायर होईपर्यंत आम्ही त्याला खरं सांगितलं नाही.

*

थायरिस्टर तापतो, म्हणून साहेबांनी पॅनेलच्या खोलीत एसी बसवला. अख्ख्या खाणीवर दुसरा एसी फक्त साहेबांच्या केबिनमध्ये. त्या दिवसापासून जेवणानंतर प्रत्येकाला थायरिस्टरच्या तब्येतीची काळजी वाटू लागली. एका दुपारी साहेबांनी दार उघडलं, तर पॅनेलसमोर आम्ही सगळे ओळीने आडवे.

दत्तारामबाब डोळे चोळत उठून बसले. "साहेब, पेशंटाक एकट्याक कसो सोडतलो?"

*

हा सगळा काळ नाटक काही त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. बेल्ट हळूहळू वेग घेतो हे बघून ते म्हणाले, "मगे राजा हळूहळू कित्या मराचो नाय?" थायरिस्टरचा धाकटा भाऊ म्हणजे ट्रायॅक. तो आणून त्यांनी स्वतः दिवे मंद करणारा डिमर बनवला. उत्सवाला आम्ही मुद्दाम पेडण्याला गेलो. शेजारच्या वाड्यावरचेही आले होते, हसायला.

राजा आडवा झाला. दत्तारामबाब विंगेतून बटण फिरवू लागले. उजेड खरंच कमी कमी होत गेला. या वेळी चपला कोणी शोधल्या नाहीत. त्यांची बायको पुढे बसली होती, तिने पदर डोळ्यांना लावला. मला स्वतःला भरून आलं.

पण हौसेपोटी त्यांनी दिवे जास्त लावले होते. ट्रायॅक जळला. आणि ट्रायॅक जळला की बहुधा दिवे विझत नाहीत, उलट सगळा करंट मोकळा सुटतो. स्टेजवर लख्ख उजेड! विंगेतून थोडा धूर. मेलेल्या राजाने डोळ्यांवर हात घेतला. दत्तारामबाब खाली बसले. "संपला. आता गावात तोंड दाखवूक नको."

तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक म्हातारी हात जोडून उभी राहिली. "राजा वैकुंठाक गेलो गे बाये!" तिच्यामागे सगळा मांडव उभा राहिला. शेजारच्या वाड्यासकट.

पुढच्या वर्षी दत्तारामबाबांनी दणकट ट्रायॅक घालून नवा डिमर बनवला आणि कमिटीला उजेड मालवून दाखवला. अध्यक्ष म्हणाले, "ह्या नको. राजा वैकुंठाक जावक व्हयो." हरकत नाही म्हणून यांनी बटण उलटं फिरवून एकदम लख्ख उजेड करून दाखवला. कमिटीने देवळाच्या भटजींकडे पाहिलं.

"गेल्या वर्साक धूर इललो," भटजी म्हणाले.

दत्तारामबाबांनी शेवटी खरं सांगून टाकलं. "भटजी, तो ट्रायॅक जळललो."

भटजींनी देवळाकडे वळून हात जोडले.

"मगे औंदाय जाळूक व्हयो," ते म्हणाले. "देवाच्या दारात एकदा सुरू झाला ता मोडूचा कसा?"