मॅडम, तात्या आणि निखळलेला खांदा

हाडांच्या दवाखान्यात किस्से फार साचतात. कारण आपण कसे पडलो, हे सांगितल्याशिवाय कुणी हात पुढे करतच नाही! सुरतेला डिंडोलीत मी नर्स होते, ते नव्वदचं दशक. त्यातला एक किस्सा काढला की मागून दुसरा येतो, आणि चहा गार होतो.

आमच्या मॅडम धुळ्याकडच्या. हाडांची डॉक्टर, आणि तीही बाई! आमच्या भागात कुणी पाहिलीच नव्हती. दवाखान्याची खोली त्यांच्या जेठांची, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाची. त्यांना सगळे तात्या म्हणत. तात्यांनी बजावलं होतं, "घरच्या सुनेनं परक्या पुरुषांचे हातपाय धरायचे? दिवाळीपर्यंत चालू दे. मग खोली रिकामी कर." दुसरी जागा कुठली मिळायला?

*

एक गुजराती काका मनगट धरून आले. मॅडमकडे बघून म्हणाले, "बेन, डॉक्टर साहेब क्यारे आवशे?"

"आमचे साहेब इच्छापोरच्या फॅक्टरीत आहेत. संध्याकाळी येतील, जेवायला! हात त्यांना दाखवायचाय की मला?"

काकांनी मुकाट्यानं हात पुढे केला.

*

कॉलेजात मॅडमना एक सर म्हणाले होते, "हाडाच्या कामाला ताकद लागते. बायकांनी यात पडू नये."

मॅडम म्हणाल्या, "सर, खापरावरचा मांडा एकदा हातावर फिरवून दाखवा, मग बोलू!"

सर खानदेशातले नव्हते. मांडा म्हणजे हातांवर फिरवत सुपाएवढी केलेली पुरणपोळी, हे त्यांना कुणीतरी समजावून सांगितलं, तेव्हा कुठे त्यांना टोमणा कळला.

*

लूमवर काम करणारा एक गडी मोडका हात घेऊन आला, आणि सोबत दोन दांडगे भाऊ. "मॅडम, तुमच्यानं ओढवायचं नाही, म्हणून यांना आणलं!"

मॅडमनी हात नुसता हातात घेतला, तोच थोरला भाऊ धाडकन आडवा!

मॅडम धाकट्याला म्हणाल्या, "बरं झालं तू आलास. आता याला बाहेर ओढ!"

*

मराठवाड्याच्या एक आजी गुडघा दाखवायला आल्या. मग कोपर दाखवलं, मग कंबर, मग मान. बाहेर रांग खोळंबली.

"आजी, इतके दिवस कुठं होता?"

"पुरुष डॉक्टरला कसं दाखवू, बाई? तुझ्यासाठी सगळं साठवून ठेवलं!"

मॅडमचे डोळे भरून आले. माझेही आले, कशाला खोटं बोलू?

*

आणि मग दिवाळी तोंडावर आली. तात्या स्टुलावर चढून जळमटं काढत होते, ते पडले! खांदा निखळला. त्यांचा मुलगा म्हणाला, "काकूकडे नेऊ?" तात्या गरजले, "परवत पाटियाच्या डॉक्टरकडे चल!"

रिक्षा निघाली. गल्लीतल्या पहिल्याच खड्ड्यात तात्या ओरडले, "फिरव रे बाबा, फिरव!"

त्यांना बघताच मॅडमनी डोक्यावर पदर घेतला. जेठांशी थेट बोलायची त्यांच्यात रीत नाही. दोघं समोरासमोर, आणि निरोप्या मी!

"सिस्टर, त्यांना आडवं व्हायला सांगा."

"तिला सांगा, हळू."

मॅडमनी सुई दिली आणि चप्पल काढली. "सिस्टर, त्यांना सांगा, काखेत पाय रोवून हात ओढावा लागेल."

तात्यांचे डोळे पांढरे झाले. "सुनेचा पाय? माझ्या अंगाला?"

खांद्यातून कळ आली तसे तात्या अहिराणीतच विव्हळले, "मना बाप!" आणि मग हळूच म्हणाले, "तिला सांगा, आधी नमस्कार कर म्हणावं!"

मॅडमनी वाकून नमस्कार केला, पदर खोचला, पाय रोवला आणि ओढलं. खट्!

तात्या उठून बसले. हात वर केला, खाली केला, टोपी नीट केली. मग मला बाजूला सारून थेट मॅडमना म्हणाले, "सूनबाई, बाहेरची पाटी फारच बारकी आहे. मोठी करून घे. आणि आडनाव ठळक लिही!"