लसूण सोलता सोलता निबंध

अमेरिकेत, पार्सिपनीच्या पद्मिनीकाकूंकडे रविवारी पोरं कॉलेजच्या अर्जाचा निबंध लिहायला यायची, आणि काकू त्यांना आधी लसूण सोलायला बसवायच्या. पेन नाही, कॉम्प्युटर नाही. "बोल, काय केलंस आजवर?" पोरगं सोलत सोलत बोलायचं. ज्या गोष्टीपाशी हात थांबला, तिथे काकू टेबलावर थाप मारायच्या, "हां! हे लिही." कुठल्या विद्यापीठात शिकवतात हो हे? माझ्यासारखी रस्त्यावर शिकलेली बाईच ओळखणार याची किंमत.

२००६च्या ऑक्टोबरात सावनी आली, तेव्हा मीही काकूंच्या टेबलाशी बसले होते. सोबत तिचा बाप विक्रम, आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष. निबंध त्यानेच लिहून आणलेला: भरतनाट्यम आणि लीडरशिप. माझं डोकंच सरकलं.

"कॉलेजात कोण जाणार विक्रम, तू?"

"ताई, तुम्ही मध्ये पडू नका. एकच चान्स आहे तिला."

"दूध संपलंय," काकू म्हणाल्या. "जा, घेऊन ये."

तो गेला. सावनी नाचाबद्दल बोलत राहिली, हात भराभर चालू. मग गणपतीतल्या पार्किंगच्या ड्यूटीवर आली. "सगळे अंकल लोक शाळेच्या लॉनवर पार्क करत होते, काकू! शाळा म्हणाली, पुढच्या वर्षी हॉल देणार नाही. मी सगळ्यांना परत पाठवलं. मग एक गाडी डायरेक्ट फायर लेनमध्ये, बंबाच्या वाटेत..."

हात थांबला.

"कोणाची?"

"बाबांची. सगळ्यांसमोर मागे घ्यायला लावली. त्यानंतर ते त्यावर एक शब्द बोलले नाहीत."

टेबलावर थाप पडली.

"नो वे, काकू! ही विल किल मी."

"मारू दे. लिही तू."

तिने लिहिलं. इंग्रजीत, एका बैठकीत, मध्येच स्वतःशी हसत. विक्रम परतला तेव्हा कागद तिने स्वतःच पुढे केला. "बाबा, मला हाच पाठवायचाय."

त्याने दुधाचा कॅन हातात धरूनच वाचला. मी भांडायला पदर खोचून तयार.

"यात एक राहिलंय," तो म्हणाला.

"काय?"

"तू मला 'सर' म्हणाली होतीस. 'सर, प्लीज बॅक अप.' पोटच्या पोरीने! जोशीबुवा आरती सोडून बघायला आले होते." आणि तो असा खदखदून हसला की कॅन काकूंनी काढून घेतला.

"मग घालू?" सावनीने विचारलं.

"घाल की. आणि मी गाडी मागे घेतली, तेही लिही."