मोठ्या आसनावरचे बटाटे

हेब्रोन चर्चवर आमच्या गावाचं किती प्रेम होतं, हे ते विकायला निघालं त्या दिवशी कळलं. तोवर हे प्रेम फार गुप्त होतं. शेवटी शेवटी रविवारच्या प्रार्थनेला चार म्हाताऱ्या आणि एक बहिरा पेटीवादक एवढेच उरले होते. पाद्री दर पंधरवड्याला तीन गावं पलीकडून यायचा आणि रिकाम्या बाकांना पापाची भीती घालून जायचा. पण दारावर विक्रीची पाटी लागली आणि आठवड्याच्या आत 'हेब्रोन बचाव समिती' उभी राहिली. समितीचा अर्ज सह्यांसाठी माझ्याच दुकानात, बिस्किटांच्या बरण्यांशेजारी ठेवला होता. एकशे चाळीस सह्या झाल्या. त्यातल्या निम्म्या लोकांना चर्चचं दार आत उघडतं की बाहेर, हेही सांगता आलं नसतं. सही मीही केली. गावात दुकान चालवायचं म्हणजे असल्या सह्या कराव्या लागतात.

समितीची अध्यक्ष मेन्ना एलिस, शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. तिचे वडील, दूधवाले एलिस, हे हेब्रोनचे मुख्य पंच होते. सकाळी दुधात पाणी आणि संध्याकाळी लोकांच्या डोळ्यांत पाणी, असा त्यांचा दिनक्रम. मेन्नाच्या मते चर्च कुणा लंडनकराच्या घशात जाऊ नये, एवढंच समितीचं म्हणणं होतं.

तर लंडनकराच्या घशात ते गेलंच नाही. ते घेतलं इडवल पॅरीनं. इडवल आमचा प्लंबर. वय एकसष्ट, बिनलग्नाचा, गावातल्या प्रत्येक घराच्या मोरीखाली डोकं घालून आलेला आणि तिथं काय दिसलं ते कधीही न बोललेला. गावच्याच माणसानं चर्च घेतलं म्हटल्यावर समितीनं पेढे वाटायला हवे होते. पण समितीचं तोंड आंबट झालं, कारण इडवल कुणाचा मुलगा हे सगळ्यांना आठवलं.

इडवलची आई नेस्टा. १९५७ साली ती एकोणीस वर्षांची होती आणि लग्नाशिवाय तिला दिवस गेले. अशा मुलीला चर्चमधून काढायची आमच्याकडे रीत होती आणि ती मोठ्या भक्तिभावानं पाळली जायची. प्रार्थना संपल्यावर नेस्टाला मोठ्या आसनासमोर उभं केलं. मोठं आसन म्हणजे प्रवचनाच्या ओट्याखालचा अर्धगोल कठडा. त्याच्या आत, एक बुटकी पायरी वर, पंच लोकांकडे तोंड करून बसायचे. मधल्या जागेवरून एलिसनी एक उतारा वाचला आणि सभासदांना हात वर करायला सांगितलं. सगळे हात वर गेले. माझ्या आईचाही गेला. मी तिच्या दुसऱ्या हातावर झोपले होते. मुलाचा बापही तिथंच बसला होता. तो कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी विचारलं नाही. त्याचाही हात वर होता म्हणतात.

नेस्टा एकटी चालत बाहेर गेली, ती परत आली नाही. त्यानंतर बासष्ट वर्षं ती हेब्रोनचा रस्ता टाळून ओढ्याकडून वळसा घालून आमच्या दुकानात यायची. आता तिचे गुडघे गेले होते. तिचं घर टेकडीच्या उतारावर, आणि जिना शिडीसारखा उभा. त्यावरून ती दोनदा पडली. डॉक्टरनं इडवलला स्पष्टच सांगितलं, "एक तर जिना नसलेलं घर बघ, नाहीतर शहरातला वृद्धाश्रम." वृद्धाश्रमात गेली तर ती महिनाभरही जगायची नाही, हे इडवलला माहीत होतं. आणि गावात जिना नसलेली एकच इमारत विकायला होती.

"मेले तरी त्या दारातून आत जायची नाही," नेस्टा म्हणाली. "ते आसन तिथं आहे तोवर तर नाहीच."

"मग आसन काढून टाकतो, आई. त्या जागी संडास बसवतो. खास तुझ्यासाठी."

"हे बरं," नेस्टा म्हणाली.

पण मेन्ना गप्प बसणारी नव्हती. तिनं पत्र लिहून पुरातन वास्तूंच्या अधिकाऱ्याला बोलावलं. त्यानं आसनावरून हात फिरवला, कठड्यासमोरच्या काळ्या फरशीवर गुडघे टेकले (त्या फरशीवर बऱ्याच वर्षांत कुणी एवढ्या भक्तीनं गुडघे टेकले नव्हते) आणि सांगितलं की आसन दीडशे वर्षांचं आहे, खिळा हलवायचा नाही. फरशी उचलायची नाही, तिच्याखाली गरम पाण्याचे पाइपही टाकायचे नाहीत.

"आणि वापरायचं कसं?" इडवलनं विचारलं.

"वापरा हवं तसं. हलवू नका, म्हणजे झालं."

मेन्नाच्या समितीनं हा विजय केक कापून साजरा केला. इडवल खाली मान घालून सहा महिने काम करत राहिला, आणि नेस्टा वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक वाचायला लागली. तिच्या हातात ते मी पाहिलं. एका म्हाताऱ्या बाईच्या हट्टापुढे आपण सगळे किती भुक्कड आहोत असं वाटलं, आणि माझ्या आईचा तर मला मनापासून राग आला.

मग एका सकाळी दोघं माझ्या दुकानात होती. नेस्टा खुर्चीत टेकली होती.

"झालं का तुझं ते घर?" तिनं विचारलं.

"झालं. आसन आहे तिथंच. सरकारी हुकूम आहे, आई."

"मग राहा तू एकटा."

"राहीन की. स्वयंपाकघर कठड्याच्या आतच केलंय. तिथं उजेड चांगला येतो."

नेस्टा खुर्चीत पुढे सरकली. मग म्हणाली, "त्या एलिसच्या जागी काय ठेवलंयस?"

"बटाटे. पोतं अगदी बरोबर बसलं."

नेस्टाला इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. खोकला येईपर्यंत हसली, डोळे पुसले, पुन्हा "बटाटे!" म्हणून हसली. मग म्हणाली, "माझा कोट दे रे. आणि ते पोतं काढ तिथून. ती जागा मला हवीय."

ईस्टरच्या आधीच्या रविवारी आम्ही थडगी धुतो आणि फुलं वाहतो. वर्षभर न आलेली माणसं त्या दिवशी हटकून येतात, कारण बाकीचं गाव बघत असतं. थडगी हेब्रोनच्या आवारातच आहेत, आणि तिथला पाण्याचा नळ इडवलनं कामाच्या वेळी बंद करून आत, स्वयंपाकघरात वळवला होता. चुकून की मुद्दाम, हे मी त्याला विचारलेलं नाही. प्लंबर चांगला आहे तो.

मी अंडी द्यायला गेले होते. खरं सांगायचं तर अंड्यांचं निमित्त होतं. नेस्टा मधल्या जागेवर बसून बटाटे सोलत होती. तेवढ्यात दारातून मेन्ना आली, हातात रिकामी फुलदाणी.

"पाणी हवं होतं," ती म्हणाली. "बाबांच्या फुलांना."

"नळ इकडं आहे," नेस्टा म्हणाली. सुरी थांबली नाही.

मेन्ना पुढे आली आणि कठड्यासमोर थांबली. नेमकी तिथंच. तिलाही ते कळलं असावं, कारण ती पुढे येईना की मागे जाईना. इतक्या वर्षांत नेस्टाला तिनं रस्त्यात साधी हाकही मारली नव्हती. आता मी मनात म्हटलं, नेस्टा, सुनाव आता. बासष्ट वर्षांचं एकदम सुनाव.

"मी होते त्या दिवशी, नेस्टा मावशी," मेन्ना फुलदाणी छातीशी धरून म्हणाली. "दुसऱ्या बाकावर. आठ वर्षांची होते. आम्हा मुलांना हात वर करायचा नसतो. तरी मी केला. बाबा बघत होते ना, म्हणून."

नेस्टानं सुरी खाली ठेवली.

"तिथं उभी राहू नकोस गं," ती म्हणाली. "फार गार आहे ती फरशी. पायातून वर चढते. ये, इथं वर येऊन बस."