पत्रातली खोडलेली ओळ

"हृदय ठणठणीत आहे. हा पॅनिक डिसऑर्डर आहे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे काही झालेलं नसताना शरीर घाबरतं. धडधड, घाम, आता मेलोच असं वाटणं. ईसीजीचा कागद घेऊन बाहेर आलो तर हायसं वाटायच्या ऐवजी लाज वाटली. हृदय बिघडलं असतं तर चारचौघांत सांगता तरी आलं असतं.

मी खुटबावचा, शेवंतीची शेती करतो. डॉक्टरांनी दौंडच्या एका थेरपिस्टकडे पाठवलं. त्यांना मी सर म्हणतो. पण दौंडात पावलोपावली पाव्हणे, मन मोकळं होईना. म्हणून गुपचूप शिरूरच्या एका थेरपिस्ट ताईंकडेही जाऊ लागलो. दोघांकडे गेलो तर दुप्पट लवकर बरा होईन, हे माझं शहाणपण. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता.

सर म्हणायचे, धडधड आली की काहीच करू नका, येऊ द्या. ताई म्हणायच्या, श्वास मोजा. एकदा शिरूरच्या एसटी स्टँडवर अटॅक आला आणि मोजू की सोडून देऊ, या गोंधळात मी खालीच बसलो. त्याच दिवशी ताईंना सगळं सांगून टाकलं.

त्या रागावल्या नाहीत. "दादा, न विचारता दोन औषधं एका फवारणी पंपात टाकता का?"

"न्हाई."

"मग? सरांचं चुकलेलं नाही, माझंही नाही. पण आम्ही एकमेकांशी बोलायला हवं. तुम्ही हो म्हणालात तरच."

मी कचरलो. घरी कुणाला माहीत नव्हतं ते मी ताईंना सांगितलं होतं. वडील गेले त्या सकाळी त्यांचा फोन आला होता. मार्केटात फुलांचा भाव चालला होता, मी कट केला. तेव्हापासून फोन वाजला की छाती धडधडायची.

ताईंनी सरांसाठी पत्र लिहिलं, मला वाचून दाखवलं आणि पेन पुढे केलं. "नको असेल ते खोडा." मी वडिलांच्या फोनची ओळ खोडली. त्यांनी ती वगळून पत्र नव्याने लिहिलं, मगच माझी सही घेतली. पुढच्या वेळी म्हणाल्या, "सरांची पद्धत तुम्हाला लागू पडतेय, दौंड जवळही आहे. तिकडेच जा." दारात आलेला पेशंट असा कोण सोडतं हो?

तरी मला धीर नव्हता. सरांना खोदून विचारलं, "ताई आनखी काय म्हनल्या?"

"पत्रात हाय तेवढंच, दादा. बाकीचं तुमच्यापाशी."

तेव्हा मी वडिलांच्या फोनचं आपणहून सांगितलं आणि लहान पोरासारखा रडलो.

तुम्हीही दोन ठिकाणी जात असाल, तर दोघांनाही सांगा. लपवण्यात माझे तीन महिने गेले.

धडधड अजून येते, पण क्वचित. परवा मार्केटात भाव चालू असताना फोन वाजला. आई होती. व्यापाऱ्याला म्हटलं, "थांबा जरा," आणि उचलला.

"येताना चहापावडर आन रं," आई म्हणाली.

मी बराच वेळ नुसता व्हय व्हय म्हणत राहिलो.