रंगनाथ मिस्त्री आणि चोरटी हवा

रंगनाथ मिस्त्री इंजिन तपासायचे ते गालाने. गाल पाण्याने ओला करायचा, डोळे मिटायचे आणि इंजिनाच्या सांध्यासांध्याशी तोंड न्यायचं. कुठून हवा सुटत असली की ओल्या गालाला गार लागायचं. त्या वेळी शेवगावातल्या त्यांच्या दुकानात कोणी ब्र काढलेला चालत नसे. कोणी खोकलं तरी डोळे न उघडता म्हणायचे, "भायेर जाऊन खोक बाबा. तुजी हवा मदी येती." माणूस महातिरसट, पण हाताला गुण होता. आज ते नाहीत, म्हणून एवढं तरी धिटाईने लिहितोय.

मी लाकडाच्या वखारीत कामाला होतो. आमच्या मालकांनी नगरला लष्कराच्या लिलावातून पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत उचलली, तीही बंद पडलेली. आमच्याकडे असलं यंत्र कोणी पाहिलं नव्हतं. मिस्त्रींनी ती पुरती उकलून पुन्हा बांधली, सुरूही केली. पण एक खोड राहिली. रेस सोडली तरी इंजिनाचा वेग खाली येईना, उलट जास्तच किंचाळायचं. मिस्त्री म्हणाले, "कुठूनतरी हवा पितंय. हवा म्हंजी चोर. चोराला दार लागत न्हाई, फट पुरती."

बहात्तरच्या दुष्काळातला तो उन्हाळा. जवळच्या एका वाडीत टँकरचं पाणी ज्या विहिरीत ओतायचे, तिच्या काठावरची चिंच कोरड्या वादळात मधोमध फाटली. अर्धी चिंच विहिरीवर ओणवी झाली. ती कोसळली असती तर विहिरीचं बांधकाम घेऊनच आत गेली असती, आणि वाडीला दुसरं पाणी नव्हतं. हातकरवतीला दोन बाजूंना दोन माणसं लागतात. इथे एका बाजूला नुसती विहीर. म्हणून वाडीचे सरपंच सकाळीच दुकानात येऊन बसले. करवत धरणार होतो मी, विहिरीच्या कठड्यावर उभा राहून. रेस सोडल्यावर ती थांबली नाही तर माझं काय होईल, हे मला कोणी सांगायला नको होतं.

मिस्त्रींनी इंजिनाची भोकं रबर लावून बंद केली, सायकलच्या पंपाने आत हवा भरली आणि सगळीकडे रिठ्याचा फेस लावला. हवा सुटेल तिथे बुडबुडा यायला हवा. एकही आला नाही. गाल लावला, काही नाही. इंजिन सुरू केलं की पुन्हा तेच किंचाळणं.

"मिस्त्री, चालतंय तसंच द्या की," सरपंच म्हणाले.

"तसंच चालवायला तुमी जाता का?"

सरपंच माझ्याकडे बघू लागले आणि मी जमिनीकडे.

तेवढ्यात वाडीहून सायकलवर माणूस आला. चिंच वीतभर आणखी खाली आली होती. मला सगळ्यांचाच राग आला, मिस्त्रींचा, मालकांचा, त्या मेल्या चिंचेचा. "द्या इकडं, जातो मी," म्हणालो. मिस्त्रींनी करवत पोटाशी ओढून घेतली. "सोपान, गप बस. मरायची लई घाई झाली का?"

मग ते स्वतःशीच पुटपुटायला लागले. "मी आपला नुसता फुकतोय. पर इंजिन काय नुसतं फुकतं का? ते वढतंबी." त्यांनी पंप उकलला आणि त्यातलं चामड्याचं वायसर उलटं बसवलं. आता तोच पंप हवा भरायच्या ऐवजी ओढू लागला. पुन्हा फेस लावला, दांडा ओढला, आणि इंजिनाच्या दट्ट्याबरोबर फिरणाऱ्या जड चाकामागचा फेस गुपचूप आत गेला. तिथलं रबरी सील आतून दाब आला की घट्ट बसत होतं आणि ओढ लागली की सैल पडत होतं.

"हे जुनं सील मीच परत घातलं," मिस्त्री सरपंचांच्या तोंडावर म्हणाले. "चूक माजी हाय." एका मोपेडच्या सामानातलं सील मापाला लागलं. इंजिन सुरू केलं, रेस सोडली. ते खाली आलं आणि शांत टुकटुकत राहिलं.

वाडीवर माणसं चिंचेला दोर बांधून लांब उभी होती. मी कठड्यावर चढलो. बघतो तर मिस्त्री माझ्या पाठीशी, बरोबर फाटलेल्या खोडाखाली. सरपंचांनी हाका मारल्या, पण ते हलले नाहीत. मी करवत चालवली. खोड कडाडलं तशी रेस सोडली. इंजिनाचा वेग खाली आला, साखळी थांबली. माणसांनी दोर ओढला आणि चिंच विहिरीपासून लांब, धुळीत पडली.

बाया घागरी घेऊन पुढे आल्या. मी मिस्त्रींना म्हणालो, "यंत्र तर नीट झालं हुतं. मग तुमी कशाला आला मरायला?"

ते धोतराला हात पुसत होते. "दुकानात झालं हुतं. हितं सील धरंल का न्हाई, ते मला तरी कुठं ठावं हुतं?"

ते ऐकलं आणि मी कठड्यावरच खाली बसलो. मिस्त्रीही बसले, आणि कोणीतरी आणून दिलेलं पाणी आम्ही दोघं एकाच तांब्यातून प्यालो.