टिकीच्या आईला मी गप्प केलं होतं

"घरात कोणती भाषा बोलता?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

प्रश्न टिकीच्या आईला होता. उत्तर मी दिलं. "मराठी. वर्षभरापासून फक्त मराठी. मीच तशी शिस्त लावलीय."

पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या बालविभागात आम्ही चौघं बसलो होतो. साडेतीन वर्षांची टिकी, तिची आई मिनती, वडील सुदर्शन आणि मी, त्यांचा घरमालक. टिकीला ऑटिझम आहे, असं डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. अशा मुलांच्या मेंदूची घडण जन्मापासूनच वेगळी असते. बोलणं, नजरेला नजर देणं, आवाज सहन करणं त्यांना इतरांसारखं आपोआप जमत नाही. औषधाने जाणारा हा आजार नव्हे.

"आईला मराठी येतं का?"

"थोडंफार. 'पाणी घे', 'जेव', 'बस', एवढं."

"मग दिवसभर हिच्याशी बोलतं कोण?"

छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत मुलांना प्रश्न विचारणारा माणूस मी, या प्रश्नावर मिनतीकडे बघू लागलो.

ही २००४ सालची गोष्ट. आता २०१० आहे आणि माझं वय शहात्तर. गेल्या महिन्यात पिरंगुटजवळच्या आमच्या भरे गावात माझा सत्कार झाला. "गुरुजींनी परमुलखातल्या पोरीला बोलती केली," असं माइकवरून सांगितलं गेलं. शाल घरी आणली, पण अंगावर घेववेना. कारण खरी हकिगत वेगळी आहे.

सुदर्शन ओडिशाचा. पिरंगुटच्या एका कारखान्यात वेल्डर म्हणून लागला आणि बायको-मुलीला घेऊन आमच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने आला. टिकी तेव्हा दोन वर्षांची होती. आईला 'बउ' म्हणायची. त्यांच्याकडे आईला बउ म्हणतात. आणखी चार-पाच शब्द होते. पुढच्या काही महिन्यांत तेही गेले. हाक मारली तरी ती वळेना. डब्यांची झाकणं एका रांगेत मांडत बसायची, कुकरची शिट्टी झाली की कान दाबून किंचाळायची.

मी निदान करून टाकलं. घरात एक भाषा, बाहेर दुसरी, म्हणून पोर गोंधळलीय. सुदर्शनला सांगितलं, "इथं राहायचंय ना? मग घरात मराठीच बोला." पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या करून त्यांच्या खोलीत चिकटवल्या. दार, खिडकी, माठ. मिनती ओडिया लिपीत शिकलेली. माझी अक्षरं तिला वाचताही येत नव्हती, हे मला कित्येक दिवस कळलं नाही.

ती कधी लेकीला मांडीवर घेऊन आपल्या भाषेत काही गुणगुणायची. मी अंगणातून खाकरायचो. ती थांबायची. घरमालक, त्यात मास्तर. तिने कधी उलट शब्द काढला नाही.

माझी बायको हौसा शाळा फारशी शिकलेली नाही. ती एकदा म्हणाली, "आवं, ती बाई दिसभर गप ऱ्हाती. तुमी तिचं त्वांड शिवलंया."

"तुला काय कळतंय त्यातलं?" मी म्हणालो.

अंगणवाडीच्या बाईंनी कान तपासायला सांगितलं, तेव्हा कुठे आम्ही पुण्याची वाट धरली. बेरा टेस्ट झाली. यात मुलाला औषध देऊन झोपवतात, डोक्याला तारा लावतात आणि आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात. कान उत्तम होते. मग बालविभागाच्या तीन फेऱ्या, तासन् तास बाकावर, आणि शेवटी तो प्रश्न.

डॉक्टर चिडल्या नाहीत. "ऑटिझम भाषेमुळे होत नाही. हिचे शब्द गेले तेही तुमच्यामुळे नाही," त्या म्हणाल्या. "पण बोलायला शिकायचं तर मुलीच्या कानावर आईचं बोलणं पडलं पाहिजे, आणि ते आईच्या भाषेतलं. तुम्ही तिची शिक्षिकाच काढून घेतलीत. आजपासून या आईला बोलू द्या."

हे मिनतीला हिंदीत सांगायचं काम माझ्याकडेच आलं. मी सांगितलं. तिने दोनदा ऐकलं. मग विचारलं, "तो अब मैं बोलूँ, सर?"

माझ्या आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

परतताना बसमध्ये ती चांदणी चौकापासून जी सुरू झाली ती पिरंगुटपर्यंत. झाडं दाखवत होती, ट्रक दाखवत होती. टिकी काचेला नाक लावून बाहेर बघत होती. सुदर्शन माझ्याकडे वाकून म्हणाला, "सर, शादी के बाद पहली बार इतना बोल रही है."

घरी येऊन मी चिठ्ठ्या काढायला घेतल्या. डिंक सुटेना. हौसा दारात उभी. "खरवडा आता. उलथनं देऊ का?"

मग उपचार सुरू झाले. स्पीच थेरपी, म्हणजे संवाद शिकवणं. ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे हालचालीतून, खेळातून शरीराला आणि संवेदनांना वळण लावणं. सुदर्शनची कारखान्यात पाळी असायची, म्हणून आठवड्यातून दोनदा मी सोबत जायचो. थेरपिस्टने घरी झोका बांधायला सांगितलं. मी आंब्याला टायर टांगला. मिनतीने झोका द्यायचा, मध्येच धरून ठेवायचा आणि विचारायचं, "आउ?" म्हणजे 'अजून?' मग थांबायचं. मनात दहा आकडे मोजायचे. टिकी नुसती बघेल, हात हलवेल, काहीही करेल, ते उत्तर समजून झोका द्यायचा.

पाच महिने गेले. मी कंटाळलो, मिनती नाही.

भाताची झोडणी चालू होती. मी खळ्यावर होतो. हौसा धावत आली, "आवं चला, पोरगी बोलली!" मी पोचलो तेव्हा मिनती टायर धरून उभी होती आणि पुढे ढकलायचं विसरली होती. टिकी रागावून पाय झाडत ओरडत होती, "बउ! आउ! आउ!"

हौसाने खळ्यावरच्या सगळ्यांना गूळ वाटला.

आज टिकी गावच्या शाळेत चौथीत आहे. कुकरची शिट्टी तिला अजून सोसत नाही. अनोळखी माणसाशी ती बोलत नाही. पण आईशी ओडिया बोलते आणि हौसाशी अशी मराठी, की आमचे पुण्याचे पाहुणे चाट पडतात. रविवारी आमच्या पडवीत अशीच मुलं असलेली पाच कुटुंबं जमतात. बिहारची, नेपाळची, एक नांदेडचं, घरी तेलुगू बोलणारं. 'दोन भाषा नकोत' हे त्यांनाही कुणीतरी सांगितलेलं होतं. त्यांच्याशी बोलते मिनती. मी केसपेपर वाचून देतो, कोणती बस धरायची ते सांगतो. कुणाच्या शेजारी असं कुटुंब राहायला आलं, तर एवढंच करा. सोबत जा. प्रश्न आईला विचारला, तर उत्तर आईला देऊ द्या.

मी मिनतीची माफी मागितली तेव्हा ती हसली. "सर, आपके खाँसने से बहुत डर लगता था." आता पडवीत मी लांबण लावली की ती मुद्दाम खाकरते. मी थांबतो.

संध्याकाळी टिकी मला ओडिया शिकवते. माझ्याकडे बघत नाही, बघते पाटीकडे. काल आकडे होते. तिसऱ्याला मी अडखळलो. तिने पाटीवर बोट आपटलं.

"चुकलं, गुरुजी. आउ थरे."

म्हणजे, पुन्हा एकदा. मी पहिल्यापासून सुरुवात केली.