मृदुभाषी दानिएलकाका

‘‘दानिएलकाका अत्यंत मृदुभाषी होते,’’ असं मी पुलपिटवरून म्हणालो आणि चर्चमध्ये एकदम आठ-दहा जणांना खोकला आला.

समोर शवपेटी. पहिल्या बाकावर काकांच्या पत्नी, रूथकाकू. त्यांनी मान वर करून आधी माझ्याकडे पाहिलं, मग पेटीकडे.

मुलुंडच्या आमच्या मराठी चर्चचा मी अकरा वर्षं पाळक आहे. तेवढ्या काळात काकांनी चर्च कमिटीचे तीन सेक्रेटरी रडवले. माझा उपदेश वीस मिनिटांपुढे गेला, की ते बाकावरून ‘आमेन!’ असं ओरडून तो संपवायचे. मंडळी लगेच उभी राहायची.

तर मृदुभाषी.

झालं असं, की आम्हा पाळकांसाठी चेंबूरला ‘तंत्रज्ञान आणि सेवाकार्य’ असं वर्कशॉप झालं होतं. जेवण चांगलं होतं, सर्टिफिकेटही मिळालं. मी सुशिक्षित झालो. पुढच्याच आठवड्यात एका सकाळी काका गेल्याचा फोन आला. दफन चारला, आणि मला अकराला बोरिवलीत एका साखरपुड्याचा विधी. मी मोबाइलवरच्या एआयला नाव, वय, ‘चर्चचे सभासद’ एवढं सांगून अंत्यविधीचा उपदेश मागितला. चहा गार व्हायच्या आत आला. न वाचता प्रिंट काढली. मशीनला काका कधी भेटले नव्हते. मला दर रविवारी भेटायचे. तरी लिहायला मी त्यालाच बसवलं.

दफनाहून परतताना रिक्षात बायको, सुनीता, म्हणाली, ‘‘अहो, आज नक्की पुरलं कोणाला?’’

‘‘एवढं वाईट झालं?’’

‘‘छान झालं ना! फक्त काका त्यात नव्हते. काकूंना काय वाटलं असेल? नवऱ्याचा शेवटचा निरोप, आणि पाळकाला माणूसच माहीत नाही. जाऊन माफी मागा.’’

तिसऱ्या दिवशी गेलो. काकूंनी पाणी दिलं. मी पेला हातात धरूनच म्हणालो, ‘‘काकू, तो उपदेश माझा नव्हता. मशीनने लिहिलेला. माझं चुकलं.’’

‘‘ते कळलंच. तुमचा असता तर एवढ्यात संपला नसता.’’

मी पाणी प्यायलो.

‘‘त्याची कॉपी आहे?’’

कमिटीपुढे पुरावा म्हणून! मला बदलीचं पत्र दिसायला लागलं. ‘‘आहे,’’ मी म्हणालो.

‘‘मग द्या. त्रेपन्न वर्षं संसार केला, पाळकसाहेब. त्या कागदातला माणूस एकदाही घरी आला नाही. जरा वाचत बसेन.’’ त्यांनी पदर तोंडाशी नेला, आणि लगेच खालीही आणला. ‘‘आणि माझंही आत्ताच लिहून घ्या त्या मशीनकडून. आहे तोवर दुरुस्त्या सांगते.’’

तक्रार गेली नाही. तेव्हापासून अंत्यविधीचे उपदेश मी स्वतः लिहितो, घरच्यांना माणसाबद्दल नीट विचारून. अजून एकाचीही कॉपी कोणी मागितलेली नाही.